शेगड्याचा वाजवी भाव

करोल बागेतल्या जुन्या हत्यारांच्या गल्लीत, फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी, अश्लेषा सबनीस एका हिरव्या शेगड्यापुढे उकिडवी बसली होती आणि त्याच्या प्रेमात पडायचं नाही असं स्वतःला बजावत होती. वस्तूच्या प्रेमात पडलेलं गिऱ्हाईक दुकानदाराला गल्लीच्या टोकापासून ओळखू येतं, हे बाबांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं. म्हणून तिने चेहरा जमेल तितका आंबट केला होता. डोळ्यांचं मात्र काही करता येत नव्हतं... ते सारखे त्या जबड्यांवरून, त्या जाड स्क्रूवरून, बाजूवर उठलेल्या ‘शेफील्ड’ या अक्षरांवरून फिरत होते.

शेगडा म्हणजे टेबलाला बोल्टांनी बसवायचा, लोखंडी जबड्यांत वस्तू आवळून धरणारा व्हाइस. दिल्लीवाले त्याला बाँक म्हणतात. सबनीसांच्या घरातले मराठीतले पुष्कळ शब्द दिल्लीच्या हवेत केव्हाच विरून गेले होते, पण हा टिकला. कारण दिलीप सबनीसांनी केंद्र सरकारच्या एका खात्याच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं शेगड्यापुढे उभं राहून काढली होती. गेल्या फेब्रुवारीत ते निवृत्त झाले. तेव्हापासून मयूर विहारच्या बाल्कनीत खुर्ची टाकून एकच पेपर दोनदा वाचत. एक दिवस अश्लेषाने पाहिलं, बाबा टीव्हीपुढे बसलेत आणि त्यांचा उजवा हात मांडीवर हळूहळू फिरतोय. नसलेली मूठ आवळतोय. तिला इतकं वाईट वाटलं, की पाणी प्यायचं निमित्त करून ती आत निघून गेली.

आज बाबांचा एकसष्टावा वाढदिवस होता. सहा वाजता आई ओवाळणार होती. अश्लेषा केक आणायला गेली आहे, असा घरात समज होता.

आता कुणी म्हणेल, मग घ्यावा शेगडा आणि निघावं. पण बाबांना भेट देणं इतकं सोपं नव्हतं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: “कितीला?” दिवाळीत तिने आणलेलं घड्याळ दुसऱ्या दुकानात अकराशेने स्वस्त आहे हे त्यांना कळलं आणि ते घड्याळ कपाटात जाऊन बसलं ते बसलंच. बरं, स्वस्त आणावं तर तेही नाही. एकदा तिने मेट्रोच्या जिन्यापाशी बसणाऱ्या बाईकडून तीस रुपयांत लोकरीचे मोजे आणले, तर बाबांनी ते हातात घेऊन वीण पाहिली, चपला घातल्या आणि त्या बाईला आणखी चाळीस रुपये देऊन आले. फसून घेतलेली वस्तू त्यांना नको असे आणि नाडून घेतलेली तर त्याहून नको. भाव वाजवी हवा. तरच ती वस्तू त्यांच्या हाताला लागायची. म्हणजे आज नुसता शेगडा घेऊन भागणार नव्हतं, त्याचा खरा भाव ओळखून घ्यायचा होता. अश्लेषा नोएडाच्या एका आयटी कंपनीत दिवसभर लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत असे. तेवीस किलो लोखंडातल्या चुका कशा शोधतात, हे तिला अर्धंमुर्धंच आठवत होतं.

दुकानदार चावलाजी उन्हात स्टूल टाकून शेंगदाणे सोलत बसले होते. साठीचे, लोकरीची टोपी, पोटावर गरम जाकीट.

“सात हज़ार,” ते म्हणाले. “इंग्लैंड का माल है जी.”

अश्लेषा शेगड्याकडेच बघत मराठीत पुटपुटली, “सात हजारांत दुकानसुद्धा देणार असतील.”

“दुकान नाही,” मागून कुणीतरी म्हणालं, “पण स्टूल देतील बहुतेक.”

तिने वळून पाहिलं. करड्या मफलरमधला एक उंच तरुण, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या, आणि बोटांच्या पेरांत धुऊनही न गेलेलं ग्रीस. ते ग्रीस बघून तिला का कोण जाणे, एकदम बरं वाटलं. बाबांच्या बोटांना चौतीस वर्षं तेच असायचं.

त्याचं नाव आशय. मूळचा चिंचवडचा, मुनिरक्यात खोली घेऊन राहणारा, जवळच्याच एका संस्थेत पीएचडी करणारा. शाळांच्या प्रयोगशाळांसाठी स्वस्तातली उपकरणं बनवणं हा त्याचा विषय होता. ही सगळी माहिती त्याने एका दमात दिली आणि मग विचारलं, व्हाइस कुणासाठी? तिने सांगितलं. घड्याळाचं, मोज्यांचं, मांडीवर फिरणाऱ्या हाताचंही. पाच मिनिटांपूर्वी भेटलेल्या माणसाला हे सगळं का सांगतोय, असा प्रश्न तिला पडला, पण तोवर सांगून झालं होतं.

आशयने नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा वर सरकवला. मग म्हणाला, “हरकत नाही. आपण मराठीत ठरवू, भाव हिंदीत करू.”

दिल्लीतल्या प्रत्येक मराठी कुटुंबाने हे केलेलं असतं. भाजीवाल्यापुढे, ऑटोवाल्यापुढे, घरमालकापुढे. मराठी ही त्यांची भर बाजारातली आतली खोली. तिथे बसून हवं ते बोलावं, बाहेरच्याला पत्ता लागत नाही. फक्त त्या खोलीला कडी लावलेली आहे की नाही, हे कुणी कधी बघत नाही.

मग दोघांनी शेगडा पारखायला घेतला. आशयने मूठ थोडी पुढे-मागे फिरवली. जबडा हलायच्या आधी मूठ नुसतीच पाव फेरा फिरली, तर समजायचं आटे झिजले. इथे ती हलकेच हलली आणि जबडा लगेच सरकला. तो मराठीत म्हणाला, स्क्रू उत्तम आहे, पण चेहऱ्यावर दाखवू नका. अश्लेषाने ताबडतोब कपाळाला आठ्या घातल्या. त्याने एक पाना उचलून शेगड्याच्या अंगावर ठोकला. टण्ण असा स्वच्छ आवाज आला, म्हणजे आत तडा नव्हता. ती म्हणाली, “हिरवा रंग ताजा आहे. रंगाखाली वेल्डिंग लपवतात.” तिने नखाने मानेजवळचा रंग खरवडला, त्याच वेळी त्यानेही तिथेच बोट नेलं... आणि दोन बोटं एकमेकांवर आली. दोघांनी एकदमच हात मागे घेतले. रंगाखाली वेल्डिंग नव्हतं, हे नंतर कधीतरी लक्षात आलं.

“कागद,” आशय म्हणाला. शेंगदाण्यांच्या रिकाम्या पुडीचा कागद त्याने चावलाजींकडून मागून घेतला, त्याच्या दोन पट्ट्या फाडल्या, जबड्यांच्या दोन टोकांना धरल्या आणि मूठ हलकी आवळली. “ओढा.”

तिने एक पट्टी ओढली, त्याने दुसरी. दोन्ही घट्ट होत्या. जबडे सरळ मिटत होते. आवळलेल्या कागदाच्या दोन टोकांना दोघं तशीच धरून राहिली, गरजेपेक्षा जरा जास्तच.

खोट सापडली ती अश्लेषाला. जबड्यांवरच्या दातेरी पट्ट्यांचे स्क्रू दोन वेगवेगळ्या जातीचे होते, म्हणजे पट्ट्या बदललेल्या होत्या. मूठही मूळची नव्हती, साध्या सळईची होती. आशयने तिच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की तिला वाटलं आपण किमान एखादा ग्रह शोधून काढला आहे. “हे मला दिसलंच नव्हतं,” तो म्हणाला. मग जरा चाचरत, “म्हणजे... एकदम लक्षात आलं नसतं.”

तिने चावलाजींना तीन हजार सांगितले. चावलाजी मनापासून हसले आणि साडेसहावर आले. तेव्हा आशयने चावलाजींसमोरच मराठीत तिला पुढचा बेत समजावला. तो चहा आणेल. चहा प्यायचा, ‘नको’ म्हणायचं आणि उठून कोपऱ्यापर्यंत चालत जायचं. पंधरा मिनिटांत म्हातारा हाक मारणार म्हणजे मारणार. चावलाजींनी एक शेंगदाणा तोंडात टाकला आणि ते दूरवर कुठेतरी बघत बसले.

आशय चहा आणायला गेला आणि अश्लेषाने मैत्रिणीला, मीनाक्षीला, फोन लावला. मीनाक्षीने विचारलं, मिळाला का शेगडा? तेव्हा अश्लेषा गल्लीकडे पाठ करून, चावलाजींच्या अगदी शेजारी उभी राहून, मोकळ्या आवाजात मराठीत म्हणाली, “शेगड्याचं बघू गं. पण इथे एक माणूस भेटलाय. कागदाची पट्टी अशी धरतो ना... शेगड्यावर मी वाटेल तितकी घासाघीस करीन, पण या माणसावर नाही करणार. सांगतील त्या भावाला घेऊन टाकीन.” पलीकडून मीनाक्षी किंचाळली असावी, कारण अश्लेषाने फोन कानापासून लांब धरला.

चावलाजींची टोपी जरा खाली सरकली होती. ती त्यांनी नीट केली.

आशय चहाचे तीन मातीचे कुल्हड घेऊन आला. तिसरा चावलाजींसाठी. सौदा मोडायचं नाटक करायच्या आधी समोरच्याला चहा पाजणारा माणूस अश्लेषा पहिल्यांदाच बघत होती.

ठरल्याप्रमाणे चहा झाला, ‘रहने दीजिए’ झालं, आणि दोघं कोपऱ्यावर येऊन उभी राहिली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. हाक काही येईना. आभाळ भरून आलं होतं आणि वाऱ्यात जरा ओल होती. तिने विचारलं, आता काय? तीन हजार फारच कमी सांगितले का?

“तीनला दिला असता तर घेतला असतात?”

तिला ते मोजे आठवले.

“नसता घेतलात,” आशय म्हणाला. “कारण संध्याकाळी ‘कितीला’ विचारल्यावर तुम्हाला मान खाली घालावी लागली असती.” मग त्याने बोटांवर हिशेब मांडला. भंगारात याचे सातशे-आठशे. नवा साधा पाच इंची साडेचारला मिळतो, पण तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जोरात घण बसला की तडकतो. हा पोलादी. पट्ट्या आणि मूठ बदललेली, म्हणून हौशी लोक देतात तो मोठा भाव याला नाही. पण कामाला नव्यापेक्षा सरस. “पाच हजार. यात कुणी फसत नाही.”

अश्लेषा त्याच्याकडे बघतच राहिली. तिने गोष्ट घड्याळाची आणि मोज्यांची सांगितली होती, याने त्यातून बाबा ऐकले होते. ती आनंदाने इतकी हलकी झाली, की तेवढ्यात समोरून गेलेल्या हातगाडीवाल्यालाही तिने हसून वाट दिली.

“चला,” ती म्हणाली. “पाचच सांगू. सरळ.”

दोघं दुकानाशी परतली. शेगडा जागेवर नव्हता. फळीवर त्याच्या बुडाचा नुसता चौकोनी डाग होता.

“घाबरू नका,” चावलाजी स्वच्छ मराठीत म्हणाले. “आत ठेवलाय. पाऊस येतोय.”

दोघांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग चावलाजींकडे.

“पंधरा मिनिटांत हाक मारायची होती ना मी?” चावलाजींनी आशयला विचारलं. “गुडघा दुखतो रे. उठावंसं वाटलं नाही.”

मग त्यांनी खुलासा केला. भोसरीला मामांच्या कारखान्यात लेथवर त्यांनी नऊ वर्षं काढली होती. बायको तिथलीच, आकुर्डीची. घरी रोज हीच भाषा ऐकायची आणि आता मुकाट ऐकायचीही सवय झालेली. म्हातारा म्हटलं त्याचं काही वाटलं नाही, ते म्हणाले, बायकोही म्हणते.

अश्लेषाला आधी स्क्रू आठवला, मग आठ्या, मग ते तीन हजार. आणि मग... फोन. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती घाईने म्हणाली, “चावलाजी, फोनवर मी जे काही—”

“ते नाही सांगत,” चावलाजी म्हणाले. “त्याचे वेगळे पैसे.”

“कसला फोन?” आशयने विचारलं.

“भावाचं बोलू,” अश्लेषा म्हणाली.

“बोलू. पण त्याआधी याला विचार, हा चार रविवार इथे का येतोय.” चावलाजींनी आशयकडे हनुवटी उडवली. “मी नऊ हजार म्हणत होतो. घासून घासून यानेच मला साडेसहावर आणलं. पुढच्या महिन्यात स्टायपेंड आला की उचलणार होता. आज तुझ्यापुढे असा वागतोय, जसा पहिल्यांदाच बघतोय.”

आशयने चष्मा काढून मफलरला पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

हे ऐकून अश्लेषाला एकाच वेळी राग आला आणि रडू आलं, आणि दोन्हींपैकी काय दाखवावं ते ठरेना. चार रविवार ज्या वस्तूसाठी हा आला, तीच पारखायला कागदाची पट्टी याने आपल्या हातात दिली होती.

“का नाही सांगितलंत?”

“माझी खोली चौथ्या मजल्यावर आहे,” तो म्हणाला. “हातोडी वाजली की घरमालक वर येतो. मला व्हाइस पुढच्या महिन्यातही चालला असता... नाही मिळाला तरी चाललं असतं. तुमच्या बाबांचा वाढदिवस आज आहे.”

मग तिथे अशी घासाघीस झाली, जी त्या गल्लीने पूर्वी पाहिली नसेल. ती म्हणे तुम्ही घ्या, तो म्हणे तुम्ही घ्या. चावलाजींनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि कंटाळून विचारलं, की विकत घ्यायला इथे कुणी आलं आहे की नाही. शेवटी अश्लेषाने तोडगा काढला. शेगडा मयूर विहारला जाईल, पण आशयने रविवारी येऊन आपलं काम त्यावर करायचं. बाबांनाही कुणीतरी हाताखाली मिळेल. आशयला हे इतकं पसंत पडलं, की तो “बिल्कुल” असं हिंदीतच म्हणाला.

“साडेपाच म्हणणार होतो,” चावलाजींनी निकाल दिला. “पण दुपार मजेत गेली, त्याचे पाचशे वजा. पाच द्या.”

मेट्रोच्या तपासणीतून एवढं धूड कुणी आत सोडलं नसतं, म्हणून दोघांनी ऑटो केली. करोल बाग मागे पडताच पावसाची भुरभुर सुरू झाली, आणि यमुनेच्या पुलावर ती चांगलीच वाढून बाजूने आत यायला लागली. शेगडा पोत्यात होता, पण पोतं तळाशी फाटकं. आशयने गळ्यातला मफलर काढून स्क्रूभोवती गुंडाळला, मग अंगातलं बिनबाह्यांचं जाकीटही वर टाकलं, आणि स्वतः पावसाच्या बाजूला सरकून बसला. त्याची बाही पाहता पाहता गडद झाली.

“तू भिजतोयस,” ती म्हणाली.

“मला गंज नाही चढत.” आणि मग त्याच्या लक्षात आलं. “तू म्हणालीस.”

“म्हणाले. घाईत.”

“असू दे... घाईतच असू दे.”

तिने ओढणीचं टोक त्याच्या बाहीवर ठेवलं. त्याने काही वाळणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

लिफ्ट बंद होती. तीन मजले तेवीस किलो छातीशी धरून आशय चढला. दार उघडलं ते बाबांनीच. त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही, ओल्याचिंब पाहुण्याकडेही पाहिलं नाही. पोत्याच्या आकाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “शेगडा आहे.”

बाल्कनीतल्या जुन्या लाकडी टेबलावर तो ठेवला गेला. आई केक विचारायला बाहेर आली, केक कुठेच नाही हे बघून काही बोलणार होती, पण नवऱ्याचा चेहरा पाहून दारातच थांबली.

“बाबा, किंमत—”

“थांब. सांगू नकोस. मी सांगतो.”

बाबांनी चष्मा लावला. मूठ पुढे-मागे हलवली. बोटाच्या पेराने अंगावर टकटक केली आणि कान लावला. पट्ट्यांचे स्क्रू पाहिले. मग हात लांब करून आजचा पेपर ओढला आणि दोन वेळा वाचून झालेल्या त्या पेपराच्या दोन पट्ट्या फाडल्या. जबड्यांच्या दोन टोकांना धरल्या. आवळल्या. तिने आशयकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. तीच बोटं, तसाच कागद. बाबांचा उजवा हात मुठीवर फिरत होता, आणि आता तिथे खरोखरची मूठ होती. अश्लेषाचे डोळे भरून आले, आणि या वेळी ती पाणी प्यायला आत गेली नाही.

“पाच हजार दोनशे,” बाबा म्हणाले.

“पाच दिले,” ती हलक्या आवाजात म्हणाली.

खालून सोसायटीच्या चौकीदाराची शिट्टी ऐकू आली.

“स्क्रू काढून साफ केलाय त्या माणसाने. नवं ग्रीस भरलंय,” बाबा म्हणाले. “दोनशे रुपये त्याची मजुरी आहे. पुढच्या रविवारी नेऊन द्या.” मग त्यांनी पहिल्यांदा आशयकडे नीट पाहिलं. पाहणं जरा लांबलं. शेगड्याला लागला त्याहून थोडा कमी वेळ लागला, एवढंच. “तूही जा हिच्याबरोबर. आणि येताना अर्ध्या इंचाचे चार बोल्ट आण. हा टेबलाला बसवायचा म्हणजे दोघं लागतील.”

आईने केकऐवजी शिरा केला आणि बाबांना ओवाळलं. ओवाळून घेताना त्यांचा एक हात मागे, मुठीवरच होता.

पुढच्या रविवारी लख्ख ऊन होतं. चावलाजी स्टुलावर होतेच. अश्लेषाने शंभराच्या दोन नोटा त्यांच्यापुढे धरल्या आणि बाबांचा निरोप सांगितला. चावलाजींनी नोटांकडे पाहिलं, घेतल्या नाहीत. म्हणाले, झालेल्या सौद्यावर वर पैसे घेणं त्यांच्या धंद्यात बसत नाही.

“बाबा परत पाठवतील,” ती म्हणाली. “तुम्ही त्यांना ओळखत नाही.”

“मग घेतो. पण पैसे घेतले की माल द्यायला हवा.” चावलाजी आशयकडे वळले. “त्या दिवशीचा फोन आहे माझ्याकडे. दोनशेला देतो. वाजवी आहे.”

आशयने अश्लेषाकडे पाहिलं. आठवडाभर त्याने त्या फोनबद्दल एकदाही विचारलं नव्हतं, आणि तो विचारत नाही म्हणून ती आठवडाभर तोच विचार करत होती. आताही तो म्हणाला, “नको. तिचा फोन आहे. तिला द्यायचा तर देईल.”

झालं. इतका वेळ रोखून धरलेलं काहीतरी तिच्या आत सुटलं.

“थांबा चावलाजी. मीच सांगते.” तिने श्वास घेतला. एकदा शेंगदाण्यांकडे पाहिलं, एकदा रिकाम्या फळीवरच्या चौकोनी डागाकडे. “मीनाक्षीला म्हटलं होतं... शेगड्यावर हवी तितकी घासाघीस करीन. पण हा जो माणूस आहे ना... याच्यावर नाही करणार. सांगतील त्या भावाला— घेऊन टाकीन.”

बोलून झाल्यावर तिने मान वर केली. आशय हसत नव्हता. गंभीरही नव्हता. त्याचा चेहरा शेफील्डचा शेगडा पहिल्यांदा पाहिलेल्या माणसाचा होता, आणि तो लपवायचा त्याने जराही प्रयत्न केला नाही.

“मग सांगू भाव?” त्याने विचारलं.

“सांग.”

“सगळे रविवार.” तो क्षणभर थांबला. “आणि मग... हळूहळू बाकीचे वारही.”

अश्लेषाने बाबांनी शिकवल्याप्रमाणे चेहरा जमेल तितका आंबट केला, कपाळाला आठ्या घातल्या. पण डोळ्यांचं आजही काही करता आलं नाही, आणि गल्लीच्या टोकावरूनही कुणी ओळखलं असतं.

“घेतला,” ती म्हणाली.

चावलाजींनी तिच्या हातातल्या दोन नोटा हळूच काढून जाकिटाच्या खिशात घातल्या. “सौदा माझ्या दुकानात झाला,” ते म्हणाले, आणि बोल्ट काढायला आत गेले.